करोना गेला, पण मनातलं काय? तुमचे अनुभव लिहा

एप्रिल २०२१. सासऱ्यांना घरीच वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. दर दोन तासांनी बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा वहीत लिहायचा. ९६, ९५, पुन्हा ९५. ९४ च्या खाली गेला की बेड शोधायला लागा, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. पहाटे चारला ९१ आला. बेड मिळाला, ते बरे होऊन घरी आले. मी मात्र पुढे वर्षभर रात्री दोनला, चारला, सहाला जागी होत राहिले. कुणी खोकलं तरी छातीत धस्स व्हायचं. "सगळे सुखरूप आहेत, मग तुला काय झालंय?" असं घरचे विचारायचे. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, पण माहेरी सांगायला आणखी सहा महिने लागले.

आजाराबद्दल आपण खूप बोललो, मनाबद्दल बोलायचं राहून गेलं. लहान-मोठं, जसं आठवेल तसं लिहा. सल्ले नकोत, आधी ऐकून घेऊ.

डोंबिवलीहून

ताई, पहिल्यांदाच लिहितोय. मार्च २०२० ला लोकल बंद झाली. आधी पगार अर्धा झाला, मग नोकरीच गेली. एका खोलीत आम्ही पाच जण. बायको सवयीने रोज डबा भरायची, मीही तो घेऊन गच्चीवर जायचो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून एक वाजता डबा उघडायचो. पोरांना वाटायचं, बाबा वर जाऊन फोनवर काम करतात. बायकोला सगळं माहीत होतं, पण ती कधी एका शब्दाने बोलली नाही. भाजी मात्र रोज वेगळी असायची.

१५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस झालेल्यांना लोकल सुरू झाली. नवीन नोकरीचा पहिला दिवस होता. गर्दी बघून हातपाय गार पडले, तीन गाड्या सोडल्या. चौथीत चढलो.

न्यू जर्सीहून, मूळची सांगलीची

जून २०२० मध्ये आई गेली. करोनाने नाही, हृदयविकाराने. विमानं बंद होती. भाच्याने व्हिडिओ कॉल लावला, पण त्याचा हात इतका थरथरत होता की मला त्याच्या चपला आणि आभाळच दिसत राहिलं. नीट धर, असं त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? इथे कुणी जवळ घ्यायलाही नव्हतं. २०२२ मध्ये घरी गेले आणि दारातूनच हाक मारली, "आई, आले गं." मागे भाऊ बॅगा घेऊन उभा होता. आम्ही दोघं तिथेच पायरीवर बसलो.

पुण्याहून

मी परिचारिका आहे, करोनासाठी उभारलेल्या जंबो सेंटरला होते. पीपीई घातला की सगळे सारखेच दिसायचे, म्हणून छातीवर मार्करने नाव लिहायचो. पेशंटच्या घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून देणं माझ्याकडे होतं. काहींचा तो शेवटचाच ठरला. आता माझ्या लेकीचा कॉल आला तरी पटकन उचलवत नाही.

धागाकर्ती

सिस्टर, सल्ले नकोत असं मीच म्हटलं होतं, तरी राहवत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, रात्रीही चालू असतो. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला, माझ्या जागरणांच्या वेळी नव्हता. कराल का?

पुण्याहून

आज रात्रपाळी आहे. उद्या सकाळी घरी गेले की करते. नंबर हातावर लिहून घेतलाय.