पाण्याचा दर वाढवला तर नागपूरची टंचाई संपेल?

धरमपेठी

उन्हाळा लागला की पेपरात रोज टंचाई. कांदा महागला की टंचाई, युरिया मिळाला नाही की टंचाई. माझं म्हणणं असं की यात दोन वेगळ्या गोष्टींचा काला होतो, आणि मग उपायही भलतेच सुचतात.

पहिली दुर्मिळता. ती कायमची. अर्थशास्त्रज्ञ लायनेल रॉबिन्सने 1932 साली अर्थशास्त्राची व्याख्याच तिच्यावर उभी केली: गरजा पुष्कळ, साधनं मोजकी आणि एकाच साधनाचे उपयोग अनेक. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाचं पाणी घ्या. ते नागपूरला प्यायला लागतं, पेंचच्या कालव्यातून धानाला लागतं, वीज केंद्रालाही लागतं. धरण काठोकाठ भरलं तरी धानाला सोडलेलं पाणी आपल्या नळाला येणार नाही. इथे फक्त कोणाला किती द्यायचं ते ठरवता येतं.

दुसरा तुटवडा. चालू भावाला लोकांना जेवढा माल हवा, तेवढा विकायला नसणं. हा बहुतेक वेळा भाव हलू न दिल्यामुळे होतो. जानेवारी 2024 ची सुरुवात आठवा. हिट अँड रनच्या (अपघात करून पळणाऱ्या चालकाला जास्त शिक्षा देणाऱ्या) नव्या तरतुदीविरुद्ध ट्रकचालकांचा संप, टँकर थांबले आणि शहरभर पंपांवर रांगा. मी मानेवाडा रोडवर उभा होतो. माझ्या पुढच्या बाईकवाल्याने टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोल गळ्याशी आलेलं. जेमतेम दीडशेचं मावलं. एवढ्यासाठी गडी तास-दीड तास उभा, कारण भाव कालचाच होता. 2 तारखेच्या रात्री संप मिटला आणि रांगा विरल्या. शहरातलं बरंचसं पेट्रोल त्या दोन दिवसांत गरज नसलेल्या टाक्यांत जाऊन बसलं होतं. लिटरमागे पन्नास रुपये जास्त लावले असते तर हा घरीच थांबला असता आणि ज्याला खरंच मेडिकल हॉस्पिटलला पोचायचं होतं त्याला मिळालं असतं.

पाण्याचंही तेच. दर इतका कमी आहे की कूलरची टाकी भरून वाहत असली तरी कोणी उठत नाही. दर वाढवा, तुटवडा जाईल. बोला.

तर्रीबाज

वा बाप्पा! म्हणजे ज्याले मेडिकलची घाई, त्याच्याच खिशात पन्नास रुपये जास्त असतात, हे कोणी सांगितलं तुमाले? तुमचा तो बाईकवाला पन्नास काय, शंभर देऊनही टाकी फुल करून गेला असता. ऑटोवाल्यानं काय करावं मंग?

धरमपेठी

भाऊ, ऑटोवाला रांगेतच जास्त मरतो. त्याचा दीड तास म्हणजे दीड तासाचं भाडं. रांग हीपण किंमतच आहे. फरक एवढाच की ती तो मोजतो, पण ती कोणाच्याच गल्ल्यात जात नाही. पैसे निदान पंपवाल्याला मिळतात आणि तो दुसरीकडून टँकर आणायची खटपट करतो.

तर्रीबाज

संपात टँकर आणन कोठून? तुमच्या पुस्तकातून?

महालचे आजोबा

धरमपेठी यांचा मुद्दा मला पटतो, कारण मी परमिटचा काळ पाहिला आहे. घर बांधायचं तर सिमेंटसाठी अर्ज करायचा, कोटा मंजूर व्हायची वाट बघायची, आणि तोवर भिंती अर्ध्यावर. परमिटचा भाव एक आणि ब्लॅकचा दुसरा. मिस्त्री पहिल्याच दिवशी विचारायचा, "पोती हातात आहेत का? नाहीतर मी दुसरं काम धरतो." 1982 मध्ये नियंत्रण अंशतः उठलं, 1989 मध्ये पूर्ण. आता फोन केला की संध्याकाळपर्यंत पोती दारात. भाव मोकळा सोडला की माल येतो.

अर्थाची बाई

आजोबा, सिमेंटचं उदाहरण चोख आहे, पण ते पाण्याला चालत नाही. भाव सुटला तेव्हा कारखाने वाढले, चुनखडी आपल्या चंद्रपूरकडे होतीच. पाण्याचा दर दुप्पट केला म्हणून पेंचच्या खोऱ्यात पाऊस दुप्पट पडणार आहे का? जुलै 2019 मध्ये तोतलाडोह मृतसाठ्यावर (तळाशी उरलेल्या, एरवी न सोडता येणाऱ्या पाण्यावर) आलं आणि शहराला एक दिवसाआड पाणी झालं. त्यामागे लांबलेला पाऊस होता आणि वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात, झालेलं चौराई धरणही होतं. यातलं काय नळाच्या बिलाने बदललं असतं?

मी कॉलेजात शिकवते. धरमपेठी यांनी केलेला फरक पहिल्या वर्षाच्या पोरांना मीही सांगते आणि तो बरोबरच आहे. पण पुढचं पान ते उलटत नाहीत. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी दाखवलं की धान्य एकूण किती होतं एवढ्यावरून उपासमार समजत नाही. तांदळाचा भाव मजुरीच्या कितीतरी पुढे पळाला आणि शेतमजूर, कोळी, छोटे कारागीर बाजाराबाहेर फेकले गेले. तिथे भाव बराच काळ मोकळाच पळत होता. तो भाव मोजणाऱ्याला तांदूळ मिळतो म्हणून अर्थशास्त्राच्या हिशेबात तुटवडाही नाही, आणि माणसं रस्त्यावर मरत होती.

दराचं म्हणाल तर तो आपल्याकडे आजही टप्प्याटप्प्याने चढतो. युनिटं वाढली की पुढच्या युनिटचा दर जास्त. बंगल्यासाठी ठीक आहे. पण वाड्यात चार बिऱ्हाडं एका मीटरवर असतात. चौघांचं पाणी एकाच बिलात मोजलं जातं, ते थेट वरच्या टप्प्यात जातं. तुमच्या उपायाचा पहिला फटका त्यांनाच.

धरमपेठी

बाई, वाड्याचा मुद्दा रास्त आहे, पण तो मीटर वेगळे करण्याचा मुद्दा झाला. माणशी गरजेपुरतं पाणी स्वस्त ठेवा, माझी ना नाही. त्यावरच्या पाण्याला मात्र खरा भाव लावा. बंगालशी तुलना जरा लांबची वाटते. तिथे युद्ध होतं, हातात पैसा नसलेला माणूस होता. त्याला पैसा पोचवणं हा इलाज, भाव बांधणं नव्हे. आणि पाऊस वाढणार नाही म्हणूनच तर आहे त्या पाण्याचा भाव हवा! पुरवठा हलत नसेल तर मागणीच हलवावी लागते.

कळमना अडत

तुम्ही दोघं भाव भाव करता, तर तुरीची गोष्ट ऐका. 2015 मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली. सरकारने साठ्यावर मर्यादा घातली, गोदामांवर धाडी टाकल्या. धरमपेठी म्हणतात तसं भावाने आपलं काम केलं, शेतकऱ्याने तो भाव बघून 2016 च्या खरिपात तूरच तूर पेरली. पाऊसही चांगला झाला आणि देशाचं उत्पादन आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट गेलं. त्यात सरकारने मोझांबिककडून डाळ आणायचा करार आधीच करून ठेवलेला.

मग काय? बोनस धरून हमीभाव 5050 आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली बोली. शेतकरी सरकारी खरेदीकडे वळला तर तिथे बारदाना नाही. तूर आहे, काटा आहे, घेणारा आहे, भरायला पोती नाहीत! ट्रॅक्टर रांगेत, माणसं तुरीच्या ढिगावर ताडपत्री टाकून रात्र काढतायत. 22 एप्रिल 2017 ला खरेदी थांबवली तेव्हाही ढीग तसेच.

2015 ला गिऱ्हाईक रडलं, 2017 ला शेतकरी. तूर घरात यायला सहा-सात महिने लागतात. पेरताना दिसलेला भाव काढणीला राहत नाही. हे तुमच्या मागणी-पुरवठ्याच्या आलेखात कुठे बसतं ते दाखवा.

धरमपेठी

बसतं की! हमीभाव बाजारापेक्षा वर ठेवला म्हणून सगळी तूर एकाच दारात आली. तोही अडवलेला भावच, फक्त उलट्या दिशेने. आधी धाडी घालून व्यापाऱ्याला साठा करू दिला नाही. स्वस्ताईत साठवून महागाईत काढणारा माणूसच नको म्हटलं, मग दोन हंगामांमधला खड्डा कोण बुजवणार?

कळमना अडत

व्यापाऱ्याची बाजू घेतलीत, आभारी आहे 😀 पण हमीभाव नसता तर त्या वर्षी तूर मातीमोल गेली असती. पुढच्या वर्षी कोणी पेरली नसती आणि तुम्हीच परत डाळीसाठी ओरडला असता.

मृगबहार

मी काटोलकडचा, संत्र्याची बाग आहे. तुमची चर्चा शहराच्या नळाची आहे. आमच्या विहिरीला बिलच येत नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाची वीज 2024 पासून माफ. म्हणजे पाण्याचा भाव शून्य. तुटवडा म्हणाल तर रांग नाही, नुसता बोअर खाली खाली जातो. शेजाऱ्याने खोल मारला की माझा आटतो, मग मी त्याच्याहून खोल मारतो.

यात निवड कशी होते ते सांगतो. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडून ताण देतो. पानं मलूल होतात, मग पाणी सोडलं की फूल येतं. इथवर पाणी न देणंच फायद्याचं. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. फळ लिंबाएवढं झालेलं, विहीर तासभर चालते आणि आचके द्यायला लागते. सगळ्या झाडांना थोडं थोडं दिलं तर सगळीकडेच फळगळ. म्हणून अर्ध्या बागेचं फळ स्वतःच्या हाताने झाडून टाकायचं आणि बाकीची जगवायची. रॉबिन्स साहेबांना बांधावर आणा, मी समजावतो.

अर्थाची बाई

मृगबहार, हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद. दोन शेजाऱ्यांच्या बोअरची ही स्पर्धा एकतर भाव लावून सुटेल नाहीतर सरकारने दामटून, असं पूर्वी धरून चालायचे. एलिनॉर ऑस्ट्रम यांना 2009 मध्ये नोबेल मिळालं ते तिसरा रस्ता असतो हे दाखवल्याबद्दल: वापरणारेच एकत्र बसून नियम करतात आणि पाळतात. आपल्या राज्यातलं हिवरे बाजार बघा. पावसाचा हिशेब मांडून कोणतं पीक घ्यायचं ते गाव ठरवतं, शेतीसाठी बोअर मारायला बंदी, उसाला बंदी. तिथे पाणी आजही दुर्मिळच आहे, पाऊस काही वाढला नाही. धरमपेठी, दर किती लावला होता त्यांनी?

धरमपेठी

एका गावात सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून ते जमलं. नागपुरात वरच्या मजल्यावरचा खालच्याला ओळखत नाही. ग्रामसभा कुठे भरवू, फुटाळा तलावावर?

गोधनी रोडची वहिनी

सगळे पुरुष मोठे मोठे हिशेब करून राहिले म्हणून सांगते. एक दिवसाआड पाणी होतं तेव्हा आमच्या गल्लीत पाणी वाचलं नाही, जास्त गेलं. नळ आला की आधी कालचे ड्रम मोरीत रिकामे करायचे, शिळं पाणी कोण पिणार म्हणून. मग नवीन भरायचं. उद्या येणार नाही म्हटल्यावर बाई घरात आहे तेवढी भांडी भरते, अगदी कुकरसुद्धा. आणि ज्यांच्याकडे टिल्लू पंप (नळाला लावून पाणी ओढायचा छोटा पंप), ते आमच्या वाटचं ओढून घेतात. आमच्या नळाला नुसती हवा येते, आणि मीटर हवेनेही फिरतं!

आता तुम्ही दर वाढवा म्हणता. आम्ही हवेचा कोणत्या टप्प्यातला दर भरायचा?

तर्रीबाज

😂😂 द्या आता उत्तर धरमपेठी भाऊ.

धरमपेठी

वहिनी, ड्रम रिकामे करणं म्हणजे त्या बाईकवाल्याचंच झालं की. उद्या मिळेल की नाही याची खात्री नाही म्हणून आज गरजेपेक्षा जास्त. दर असा हवा की ओतताना हात थांबेल.

गोधनी रोडची वहिनी

रोज ठरल्या वेळी पाणी आलं तर ड्रमच भरणार नाही, ओतायचा प्रश्न कुठे आला? तेवढं करा आधी, टिल्लू काढा, मग बिल पाठवा. भरू आम्ही.