लोकर, क्रोशा, गोधडीचा पसारा एका खोलीत कसा लावायचा?

विणकामवेडी_डोंबिवली
लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि तिची १० बाय १० ची खोली मला मिळाली, म्हणून दिवाणाखालचं, माळ्यावरचं सगळं सामान एकदाचं खाली काढलं तर बापरे! लोकरीचे गुंडे, क्रोशाचे दोरे, आईची सुती लुगडी (गोधडीसाठी ठेवलेली), अर्धवट स्वेटर तीन. त्यातल्या एकाला कसर लागली होती, बाह्यांना भोकं पडलीत, अक्षरशः रडू आलं. आता पावसाळ्याआधी नीट लावायचंय. सुरुवात कुठून करू?

सुईदोरा
ताई, रंगाप्रमाणे लावायचा मोह होईल पण आधी खरी लोकर आणि अ‍ॅक्रिलिक वेगळं करा, कारण कसर खऱ्या लोकरीवर आणि रेशमावर जाते, नुसत्या अ‍ॅक्रिलिकला सहसा हात लावत नाही. लेबल हरवलं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा, लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो. कसर लागलेल्या स्वेटरजवळची सगळी लोकर झिपच्या पिशवीत हवा काढून डीप फ्रीजरला आठवडाभर ठेवा. साध्या एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुरत नाही हं, उणे १८ तरी लागतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आत पाणी सुटतं.

गोधडीवाली
खोकी नकोतच, पुठ्ठा ओल धरतो. झाकणाचे पारदर्शक डबे घ्या. लुगडी उन्हात खडखडीत वाळवूनच आत ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जुनं कापड घडीवरच विरतं. आणि गोधडीचे तुकडे कापून ठेवू नका, मी आधी कापले आणि नंतर माप बदललं, आईच्या लुगड्याचा काठ वाया गेला, अजून हळहळ वाटते. डांबराच्या गोळ्या घरात लहान मूल असेल तर अजिबात नकोत.

सुईदोरा
एक राहिलं, लेबलं फेकू नका! शेड नंबर सारखा असला तरी लॉट (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा नंबर) वेगळा असेल तर रंगात फरक पडतो आणि तो पाठ विणून झाल्यावरच दिसतो. अर्धवट कामं एकेका पिशवीत, सोबत चिठ्ठी, सुई कितीची, ओळ कितवी. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर नंबर असतो, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी, ८ म्हणजे ४ मिमी, नवीन पॅटर्न मिमीमध्ये असतात म्हणून दोन्ही लिहा.

विणकामवेडी_डोंबिवली
खूप आभार दोघींचे! काल रात्री बसून जाळून पाहिलं, जे महागडी लोकर म्हणून वर्षानुवर्षं जपलं त्यातले चार गुंडे अ‍ॅक्रिलिक निघाले. लुगडी आज गच्चीत टाकलीत. स्वेटरच्या बाह्या उसवून परत विणणार, त्याच लॉटचा एक गुंडा सापडलाय.