नॅशव्हिलला लाँग वीकेंड, सोबत आई-बाबा: काय ऐकावं, कुठे ऐकावं?

निशिगंध
आम्ही अटलांटात राहतो. सध्या आई-बाबा मिरजेहून आलेत आणि लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) लाँग वीकेंडला त्यांना नॅशव्हिलला न्यायचा विचार आहे. शनिवारी सकाळी निघायचं, सोमवारी परत. आम्ही दोघं, आई-बाबा आणि अकरा वर्षांची लेक, जी सध्या युकुलेली शिकतेय.

बाबा आयुष्यभर हार्मोनिअम वाजवत आलेत. नाट्यसंगीत, भजनं, गावातल्या कार्यक्रमांना साथ. इंग्रजी गाण्यांची त्यांना ओळख नाही, पण वाद्य कुठलंही असो, वाजवणाऱ्याच्या हातांवरून त्यांची नजर हटत नाही. आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. ती पूर्ण शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही.

नेटवर शोधलं की ब्रॉडवे या तिथल्या मुख्य रस्त्यावरचे बार, बॅचलरेट पार्ट्या आणि काउबॉय बूट एवढंच दिसतं. आई-बाबांना घेऊन जाण्यासारखं तिथे काय आहे? ऑप्री (कंट्री या अमेरिकन संगीताचा प्रसिद्ध कार्यक्रम) आणि रायमन (जुनं सभागृह) यांपैकी एकच जमणार असेल तर कुठलं निवडू? राहायचं कुठे?

भटका
आधी न्यू ऑर्लिन्सचा विचार केलात का? संगीत तिथे रस्त्यावर भेटतं. पण अटलांटाहून गाडीनं सात तास तरी लागतात, आईंना ते जड जाईल. मेम्फिसही सुंदर आहे (सन स्टुडिओ, स्टॅक्स, बील स्ट्रीट ही संगीताची ठिकाणं), पण ते नॅशव्हिलच्याही पुढे तीन तास. तीन दिवसांत दोन्ही शहरं करायला जाऊ नका, सगळा वेळ हायवेवर जाईल.

टेनेसीकर
मी नॅशव्हिलच्या जवळच राहतो आणि पाहुणे आले की हेच करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

निशिगंध, तुमच्या बाबांसाठी हे शहर अगदी योग्य आहे. ब्रॉडवेचा गोंगाट म्हणजे नॅशव्हिल नव्हे. गाणी लिहिणारे, ती बसवणारे आणि स्टुडिओत रोज साथीला बसणारे लोक इथे राहतात, आणि त्यांना जवळून ऐकता येतं. तुम्ही संध्याकाळी कुठे बसता यावर सगळं अवलंबून आहे, त्यामुळे आधी दोन्ही संध्याकाळी पक्क्या करा. दिवसाचं नंतर बघता येईल.

शनिवारची संध्याकाळ: ग्रँड ओल ऑप्री. रायमन की ऑप्री असं विचारलंत, तर माझं उत्तर असं की कार्यक्रम ऑप्रीचा ऐका आणि रायमन दिवसा बघा. ऑप्री हा मुळात रेडिओचा कार्यक्रम. २८ नोव्हेंबर १९२५ ला डब्ल्यूएसएम केंद्रावर सुरू झाला, तेव्हा पहिल्या रात्री माइकसमोर होते ७७ वर्षांचे एक फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच), अंकल जिमी थॉम्प्सन. आजही तो ६५० एएमवर थेट प्रक्षेपित होतो, निवेदक स्टेजवर उभं राहून जाहिराती वाचतो. एका संध्याकाळी बरेच कलाकार येतात आणि प्रत्येक जण दोन-तीन गाणी म्हणून जातो: कुणी जुन्या पिढीतलं, कुणी अगदी नवं, मध्येच एखादा विनोदवीर. एखादं गाणं नाही आवडलं तरी दहा मिनिटांत माणूस बदलतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला याहून चांगली ओळख नाही.

१९४३ ते १९७४ ऑप्री रायमनमध्ये होत असे. नव्या इमारतीत गेले तेव्हा जुन्या स्टेजच्या ओक लाकडाचा एक गोल कापून नव्या स्टेजच्या मधोमध बसवला. २०१० च्या पुरात स्टेजवर पाणी चढलं होतं, पण तो गोल दुरुस्त करून पुन्हा तिथेच बसवला. गायक त्या गोलात उभे राहून गातात. बाबांना आधी सांगून ठेवा, म्हणजे त्यांचं लक्ष राहील.

रविवारची संध्याकाळ: स्टेशन इन. गल्च भागात काचेच्या उंच इमारतींमध्ये दगडी भिंतींची एक बुटकी वास्तू आहे, तीच. रविवारी रात्री तिथे ब्लूग्रासचं (तंतुवाद्यांवरच्या अमेरिकन लोकसंगीताचं) जॅम असतं. फिडल, बँजो, मँडोलिन, गिटार, बास घेऊन लोक गोल करून बसतात, एकमेकांकडे बघत वाजवतात, आळीपाळीनं प्रत्येकाला जागा देतात. ड्रम नसतो, लय सगळी तारांवर. बाबांना सर्वांत जास्त काय आवडेल असं विचाराल तर मी हेच सांगेन. जॅमला सुरुवात होण्याच्या बरंच आधी जाऊन बसा, जागा कमी आहे. लेकीला सोबत न्यायचं असल्याने वयाचा नियम तेवढा फोन करून विचारून घ्या.

ब्रॉडवेवर जायचं तर दुपारी जा. रॉबर्ट्‌स वेस्टर्न वर्ल्डमध्ये जुन्या धर्तीचं कंट्री वाजतं. आत जायला पैसे पडत नाहीत, कलाकारांची कमाई मुख्यतः बादलीत पडणाऱ्या टिपांवर, म्हणून सुटे डॉलर जवळ ठेवा आणि हात आखडता घेऊ नका. संध्याकाळनंतर बहुतेक बारमध्ये २१ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत, त्यामुळे लेकीला घेऊन दुपारचीच वेळ बरी. आईंसाठी इअरप्लग घ्या, आवाज खरंच मोठा असतो.

तंबोरा
टेनेसीकर, स्टेशन इनसाठी पूर्ण अनुमोदन. मी फक्त वाजवण्याबद्दल लिहितो, कारण हार्मोनिअमवाल्या माणसाला इथे बघण्यासारखं फार आहे.

एक, पेडल स्टील गिटार. गिटार स्टँडवर आडवी ठेवलेली, डाव्या हातात पोलादी दांडी तारांवरून सरकते, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, शिवाय पायाखाली पेडल आणि गुडघ्याशी तरफा, ज्यांनी तारेचा स्वर वर-खाली जातो. सगळी करामत मींड काढण्यासाठी. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा बाबांनी ऐकली असेल तर दांडीचं काम त्यांच्या लगेच लक्षात येईल. भट्टांनी १९९५ मध्ये इथल्या जेरी डग्लसच्या डोब्रोसोबत (हीसुद्धा दांडी सरकवून वाजवायची गिटार) रेकॉर्डही केली आहे. निघण्यापूर्वी ती ऐकवा.

दोन, आरसीए स्टुडिओ बी. १९५७ चा स्टुडिओ, एल्विसनं इथे दोनशेहून जास्त गाणी रेकॉर्ड केली. तिथला पियानोवाला होता फ्लॉइड क्रेमर. त्याची खासियत अशी की तो आधी शेजारचा स्वर लावून तिथून हव्या त्या स्वरावर घसरायचा. पियानोवर मींड येत नाही, म्हणून कणस्वराचा आधार घ्यायचा. हार्मोनिअमवर आपले लोक हेच करतात! बाबांना त्या खोलीत उभं राहून हे सांगाच. स्टुडिओत परस्पर जाता येत नाही, कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या संग्रहालयाच्या तिकिटासोबत टूर घ्यावी लागते.

तीन, नंबर सिस्टिम. इथले साथीदार कॉर्डची नावं न लिहिता आकडे लिहितात: १, ४, ५ असे. गायकानं ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद तोच चालतो. बाबांना समजावून सांगायची गरजच पडणार नाही. काळी एक असो की पांढरी पाच, सा तो सा, हे ज्याच्या हाडात आहे त्याला हे दोन मिनिटांत कळतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नील मॅथ्यूज नावाच्या गायकानं ही पद्धत काढली आणि चार्ली मॅकॉय वगैरे स्टुडिओतल्या वादकांनी ती वाढवली.

आणि हो, २००६ मध्ये इथलं शर्मरहॉर्न सिम्फनी सेंटर उघडलं तेव्हा नॅशव्हिल सिम्फनीसोबत झाकीर हुसेन, बँजोवादक बेला फ्लेक आणि बासवादक एडगर मेयर यांचं तिहेरी कन्चेर्टो (तिघे वादक आणि वाद्यवृंद यांची रचना) झालं होतं. पुढे याच तिघांनी राकेश चौरसियांना घेऊन २०२३ मध्ये अल्बम केला. चार तासांच्या ड्राइव्हला तोच लावा. बँजो आणि बासरी एकत्र ऐकत गेलात की बाबांचा कान तिथे पोचेपर्यंत तयार होईल.

झेलम
खाण्याबद्दल मी लिहिते, माझ्या सासूबाईही अंडं खात नाहीत.

सगळ्यांत महत्त्वाचं: दक्षिणेकडच्या हॉटेलांत भाजी दिसली म्हणजे ती शाकाहारी असं धरू नका. फरसबी, पालेभाज्या, चवळी यांत डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवायची पद्धत आहे, कॉर्नब्रेडला कधी कधी त्याचीच चरबी लावतात आणि त्यात अंडंही असतं. ‘व्हेजिटेबल प्लेट’ मागवली तरी एकेक पदार्थ विचारून घ्या. विचारलं की लोक नीट सांगतात, कुणी वाईट वाटून घेत नाही.

डाउनटाउनमध्ये रायमनच्या अगदी समोर फिफ्थ अँड ब्रॉडवे संकुलात मोठा फूड हॉल आहे. प्रत्येकाला हवं ते मिळतं, बसायला जागा मिळते, स्वच्छतागृहं जवळ. हॉट चिकन (इथलं प्रसिद्ध तिखट तळलेलं चिकन) तुम्हाला चाखायचं असेल तर तिथेच चाखा. अगदी सौम्यापासून सुरुवात करा, इथलं तिखट मिरजेच्या माणसालाही घाम फोडतं.

आईंना देवळात न्या. बेलव्ह्यू भागात ओल्ड हिकरी बुलेव्हार्डवर श्री गणेशाचं मंदिर आहे, दाक्षिणात्य धाटणीचं, प्रशस्त. लेबर डेच्या मागेपुढेच गणपती येतात, त्यामुळे तिथे लगबग असण्याची शक्यता आहे. कार्यक्रमपत्रिका बघून जा. घरचा गणपती सोडून आलेल्या माणसाला त्या दिवसांत इतक्या लांब आरती मिळते याचं मोल फार असतं.

कृष्णाकाठ
कंट्रीच्या नादात एक गोष्ट राहू नये असं मला मनापासून वाटतं. हे शहर संगीताचं झालं त्यात कृष्णवर्णीय कलाकारांचा वाटा फार मोठा आहे आणि बरेच पर्यटक तो न बघताच परततात.

फिस्क विद्यापीठ गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांसाठी निघालं. पैसे संपत आले तेव्हा १८७१ मध्ये विद्यार्थ्यांची एक गायनमंडळी दौऱ्यावर निघाली: फिस्क ज्युबिली सिंगर्स. बहुतेक गुलामीत जन्मलेली ही मुलं आपल्या आईवडिलांची भजनं गात गावोगाव फिरली, १८७३ मध्ये इंग्लंडात राणी व्हिक्टोरियापुढे गायली, आणि त्या कमाईतून ज्युबिली हॉल उभा राहिला. इमारत आजही आहे, मंडळी आजही गाते. भजनाची साथ केलेल्या तुमच्या बाबांना या गोष्टीचं वेगळं काही सांगावं लागणार नाही.

जवळच जेफर्सन स्ट्रीट. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या क्लबांत गिटारवादक जिमी हेंड्रिक्स वाजवायचा. नंतर वस्तीच्या मधून आय-४० महामार्ग नेला आणि ते क्लब गेले. आता त्या रस्त्यावर बघण्यासारखं फार उरलेलं नाही, म्हणून आफ्रिकन अमेरिकन संगीताचं राष्ट्रीय संग्रहालय बघा. २०२१ मध्ये उघडलं, झेलम यांनी सांगितलेल्या फूड हॉलच्याच संकुलात आहे. मुलांना हाताळायला बरंच काही आहे, अकरा वर्षांची मुलगी तिथून लवकर बाहेर येणार नाही.

निशिगंध
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना प्रतिसाद वाचून दाखवले. फ्लॉइड क्रेमरचं ऐकून त्यांनी लगेच टॅबवर शोधायला लावलं आणि दोन-तीन वेळा ऐकून म्हणाले, ‘बोट बरोब्बर घसरतंय.’ स्टुडिओ बी नक्की झालं.

अजून दोन शंका. ब्लूबर्ड कॅफेबद्दल खूप ऐकलंय, ते आमच्या यादीत घालावं का? आणि राहायला डाउनटाउन घेऊ की बाहेर?

टेनेसीकर
ब्लूबर्ड मला स्वतःला अतिशय प्रिय आहे. १९८२ पासून ग्रीन हिल्समधल्या दुकानांच्या साध्या रांगेत चालतं, जेमतेम नव्वद खुर्च्या. गीतकार खोलीच्या मधोमध गोल बसतात, आपापलं गाणं गातात, ते कसं सुचलं ते सांगतात. प्रेक्षकांनी बोलायचं नाही हा नियम, आणि तो पाळला जातो. पण तिथे सगळा भर शब्दांवर. शब्दच कळत नसतील तर बाबांना दोन तास गप्प बसणं कंटाळवाणं होईल. त्यांना स्टेशन इनच द्या. ब्लूबर्डची तिकिटं ऑनलाइन सुटतात आणि पटकन संपतात. मिळाली तर तुम्ही दोघं जा, किंवा पुढच्या खेपेला.

राहायला ऑप्रीच्या बाजूचा म्युझिक व्हॅली किंवा डोनलसन भाग घ्या. लाँग वीकेंडला डाउनटाउनचे दर आणि पार्किंग दोन्ही अंगावर येतात. ऑप्रीलगतच्या ऑप्रीलँड हॉटेलात काचेच्या छपराखाली मोठमोठ्या बागा आहेत. तिथे राहिलं नाही तरी आत फिरता येतं, आईंना सावलीत बसायलाही मिळेल. डाउनटाउनला टॅक्सीनं जा, हॉल ऑफ फेम आणि रायमन एकाच फेरीत होतात. रायमनमध्ये बसायला चर्चसारखी लाकडी बाकं आहेत, कारण १८९२ मध्ये ते प्रार्थनागृह म्हणूनच बांधलं होतं. खालच्या मजल्यावरच बसा, बाल्कनीचे जिने नकोत.

सोमवारी सकाळी वेळ उरला तर सेंटेनियल पार्कमध्ये ग्रीसमधल्या पार्थेनन या प्राचीन मंदिराची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. आत अथेना देवीची ४२ फुटी मूर्ती आहे. सुट्टीच्या दिवशी आत सोडतात का ते आधी बघून घ्या, बाहेरून तर कधीही दिसतं.

आणि वेळेचं लक्षात ठेवा. नॅशव्हिल तुमच्यापेक्षा एक तास मागे. जाताना चॅटनूगा ओलांडलं की तो तास मिळतो, येताना जातो. सोमवारी दुपारी चॅटनूगाला सगळ्या सुट्टीवाल्यांची गर्दी आय-२४ वर येते, तेव्हा अकराच्या आत निघा, आणि माँटीगलच्या घाटात ट्रकांच्या मागे शांतपणे चालवा.