कीडाजडी, केमो आणि पाच आठवडे

काउंटरपलीकडून (कऱ्हाड)
काल 'डोंगरवाट' यांनी लिहिले की कीडाजडी या बुरशीतील कॉर्डिसेपिन हा रेणू फुफ्फुसाचा कर्करोग मुळासकट काढते, आणि केमो म्हणजे पैसे मोजून घेतलेले विष. एरवी मी अशा मजकुराच्या वाटेला जात नाही. पण तीस वर्षे औषधाच्या दुकानात उभे राहून ज्यांच्या हाती केमोच्या कुप्या दिल्या, त्यांचे चेहरे आठवले आणि राहवेना. कॉर्डिसेपिन सापडले ते कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस या बुरशीत. उत्तराखंडात धारचुला-मुनस्यारीच्या वरच्या कुरणांत मेलेल्या अळीच्या डोक्यातून उगवणारी कीडाजडी ही निराळी प्रजाती आहे, आणि तिच्या जनुकसंचात कॉर्डिसेपिन घडवणारी यंत्रणा आढळलेली नाही. म्हणजे विकल्या जाणाऱ्या पुडीवर चित्र एकीचे आणि गुण दुसरीचे. शिवाय काचेच्या बशीत कर्कपेशी मरतात म्हणून माणसाच्या फुफ्फुसातही मरतील असे नाही, कारण रक्तातील अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज हे विकर कॉर्डिसेपिनची झपाट्याने वासलात लावते. म्हणून तर ऑक्सफर्डच्या संशोधकांना एका कंपनीबरोबर त्या रेणूला रासायनिक चिलखत चढवून एनयूसी-७७३८ तयार करावे लागले.

डोंगरवाट
आपण अर्धेच वाचले आहे. तीच मिलिटॅरिस बुरशी कॉर्डिसेपिनबरोबर पेंटोस्टॅटिनही बनवते आणि ते नेमके त्याच विकराला अडवते, हे चिनी संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले. चिलखत निसर्गाकडे आधीपासून होते, ऑक्सफर्डला उशिरा सुचले. जपानने टर्की टेल बुरशीपासून काढलेले पीएसके हे औषध १९७७ मध्येच मंजूर केले आणि स्मॉल सेल प्रकारच्या फुफ्फुसाच्या कर्करोगातही केमोबरोबर दिले. माझ्या वडिलांना चौथ्या टप्प्यात केमो सोसेना, तेव्हा आम्ही रेशी बुरशीचा काढा सुरू केला. जो माणूस पेजेकडे बघत नव्हता, तो अर्धी भाकरी मागून खाऊ लागला. त्या पाच महिन्यांसाठी आपल्या चाचण्यांत रकाना आहे काय?

काउंटरपलीकडून
पेंटोस्टॅटिनचा मुद्दा मान्य. मला तो ठाऊक नव्हता, आणि तो आपल्याकडून कळावा याचे थोडे वाईटही वाटले. मात्र पेंटोस्टॅटिन हे रक्ताच्या एका दुर्मिळ कर्करोगात शिरेतून मोजून दिले जाणारे औषध आहे, म्हणजे आपल्या भाषेत विषच. ते पुडीत किती आहे, हे पुडीवर लिहिलेले असते काय? आणि पीएसके केमोबरोबर दिले, केमोऐवजी नव्हे, हे आपणच लिहून मोकळे झालात.

मिरजेची माहेरवाशीण
भूक लागणे आणि गाठ आटणे यांतला फरक आमच्या घराने किंमत मोजून शिकला आहे. भावाच्या तपासणीत ईजीएफआर जनुकातील बदल सापडला होता आणि त्यावरची रोजची गोळी सुरू व्हायची होती. तेवढ्यात नात्यातल्या एकाने बुरशीची तांबूस पूड आणून दिली. स्टीलच्या डब्यात, आत मापाचा पिवळा चमचा. "आधी तीन महिने हे घ्या, मग गोळीचे बघू." तीन महिन्यांनी फुफ्फुसात पाणी भरले. तो डबा मी अजून टाकलेला नाही. दुसरे काही भरायलाही हात धजावत नाही.

डोंगरवाट
आपले दुःख मी समजू शकतो. परंतु गोळी थांबवा असे मी कोठेही लिहिलेले नाही.

मिरजेची माहेरवाशीण
"विष" हा शब्द लिहिलात. त्यापुढे आणखी काय लिहायचे राहते?

सूक्ष्मजीवांचा मास्तर
दोन्ही बाजू बुरशीच्या नावाने भांडत आहेत आणि बुरशीतून आलेला जो रेणू फुफ्फुसाच्या कर्करोगात तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोहोचला, त्याचे नावही कोणी घेत नाही. समुद्री अ‍ॅस्परजिलस बुरशीतील हॅलिमाइड या रेणूवरून प्लिनॅब्युलिन घडवले गेले. ५५९ रुग्णांच्या चाचणीत नुसत्या डोसिटॅक्सेल या केमोच्या औषधावर मध्यक आयुर्मान ९.४ महिने होते, तर प्लिनॅब्युलिनची जोड दिल्यावर १०.५. जेमतेम पाच आठवडे, पण मोजलेले. जाता जाता एक विनंती: ब्लिओमायसिन, मायटोमायसिन या कर्करोगाच्या औषधांना कृपया "बुरशीजन्य" म्हणू नका. ती ज्यातून मिळतात तो स्ट्रेप्टोमायसिस हा जिवाणू आहे, हे सांगून सांगून माझी नोकरी संपली.

राधानगरीचा रानकरी
पाच आठवडे मोजता, मग आमच्या नरक्या या झाडाचेही मोजा. टोपोटेकॅन हे स्मॉल सेल कर्करोगावरचे औषध ज्या कॅम्पटोथेसिनपासून बनते, ते आमच्या घाटातल्या नरक्यात आहे, हे रसायनशास्त्रज्ञ गोविंदाचारींनी १९७२ मध्येच दाखवले. त्यानंतर झाडावर कुऱ्हाड पडली ती पडलीच. रात्रीत बुंधे तोडायचे, ढलप्या करायच्या आणि पोत्यांत भरून घाट उतरवायचा. बुंध्याला फुटवे येतात, पण ते मनगटाएवढे होण्याआधी पुन्हा तोडतात. जम्मूच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये नरक्याच्याच आत राहणाऱ्या बुरशीतून कॅम्पटोथेसिन मिळाल्याचे जाहीर केले, तेव्हा वाटले की आता रान सुटले. मग ती बुरशी टाक्यांत का वाढवली जात नाही? लाकूड स्वस्त पडते म्हणूनच ना?

सूक्ष्मजीवांचा मास्तर
नाही. झाडापासून तोडलेली अशी बुरशी बशीतून बशीत नेली की काही पिढ्यांत रेणू बनवणे सोडून देते. टॅक्सॉल हे कर्करोगाचे औषध बनवणाऱ्या म्हणून सांगितलेल्या बुरशीचा १९९३ मध्ये असाच गाजावाजा झाला, आणि पुढे तिच्यात त्यासाठी लागणारी जनुकेच मिळाली नाहीत. प्रत्येक गोष्टीत कारस्थान शोधणे सोपे असते.

राधानगरीचा रानकरी
प्रयोगशाळेत बसून हे म्हणणेही सोपेच असते, मास्तर. तोडलेले बुंधे मी मोजले आहेत, आपण नव्हे.

सूक्ष्मजीवांचा मास्तर
बुंध्यांबद्दल वाद नाही. "प्रत्येक गोष्टीत" हे शब्द मागे घेतो. जनुकांबद्दलचे घेत नाही.

काउंटरपलीकडून
चर्चा घाटात शिरली, हरकत नाही. 'डोंगरवाट', रेशीबद्दलचा कोक्रेन आढावा, म्हणजे झालेल्या चाचण्यांचा एकत्रित पडताळा, मी रात्री वाचला. पाच चाचण्या, ३७३ रुग्ण. केमो किंवा किरणोपचारांबरोबर दिल्यास प्रतिसाद काहीसा बरा दिसला, आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. आपल्या वडिलांच्या अर्ध्या भाकरीला त्यात जागा आहे, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो.

डोंगरवाट
उपकार झाले. "विष" हा शब्द मी काढून टाकला आहे. बाकीचा मजकूर तसाच राहील.

मिरजेची माहेरवाशीण
त्या मजकुराखाली पुडीसाठी आपला फोन क्रमांक आहे, तोही राहणार का?

डोंगरवाट
तो माझा नाही, मेहुण्याचा आहे.