एफ-150 5.0 ला सुपरचार्जर बसवायचाय, 10 स्पीड ऑटोमॅटिक टिकेल का?

फ्रंटरेंज_मावळा:
मंडळी, जरा सविस्तर विचारतोय. माझ्याकडे 2018 ची फोर्ड एफ-150 आहे, 5.0 व्ही8, फोर बाय फोर, 10 स्पीड ऑटोमॅटिक. राहायला डेन्व्हरजवळ, उन्हाळ्यात मागे कॅम्पर लावून आय-70 ने डोंगरात जातो, भरलेला कॅम्पर 7500 पाउंडाच्या घरात. सपाटीला गाडी मस्त ओढते पण सिल्व्हरथॉर्नहून परत येताना आयझेनहॉवर टनेलचा चढ लागला की ताशी 55 मैल धरून ठेवायलाच पेडल जवळपास तळाला जातं आणि इंजिन 5000 च्या वर ओरडत राहतं. गाडी विकायची नाही, बाकी सगळं आवडतं तिच्यातलं. म्हणून सुपरचार्जरचा (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) विचार चाललाय, इन्टेकच्या जागी वर बसणारा, इंटरकूलर आतच असलेला किट, सोबत ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची नवी सेटिंग) येतो. किट 8-9 हजार डॉलर, बसवणावळ वेगळी. कागदावर 395 चे 650 हॉर्सपॉवर. दुकानवाला म्हणतो गिअरबॉक्सला हात लावायची गरजच नाही, हे मात्र मला पचत नाहीये. कोणी केलंय का? वॉरंटी संपलीये, म्हणजे जे जाईल ते माझ्या खिशातून.

ह्यूस्टनचा_बापू:
मावळे, माझ्याकडे हेच इंजिन हाच गिअरबॉक्स, सुपरचार्जर लावलेला आहे आणि मला ती गाडी मनापासून आवडते. खालपासूनच ओढ येते, टर्बोसारखी वाट बघावी लागत नाही कारण ब्लोअर म्हणजे सुपरचार्जर बेल्टने थेट क्रँकवरून फिरतो. गिअरबॉक्स अजून ठणठणीत आहे, पण मी ट्रेलर ओढत नाही आणि इथे चढ म्हणजे फ्लायओव्हर, त्यामुळे माझ्या अनुभवावर डोळे मिटून जाऊ नका.
दोन गोष्टी सांगतो. या इंजिनात ऑइल पंपाचे गिअर सिंटर्ड (धातूची पावडर दाबून बनवलेल्या) धातूचे असतात, बूस्ट (दाबलेल्या हवेचा जादा दाब) लावून वरच्या आरपीएमला रेव्ह लिमिटरवर आपटत राहिलं की ते फुटतात आणि ऑइल प्रेशर गेलं की इंजिन संपलंच. पुढचं कव्हर उघडलंच तर बिलेट (एकसंध धातूतून कापलेले) गिअर टाकून घ्या, क्रँकचा स्प्रॉकेटपण. दुसरं पेट्रोल, इथे 93 ऑक्टेन मिळतं, तुमच्याकडे प्रीमियम म्हणजे 91. त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन 12 ला 1 आहे, त्यावर बूस्ट, तेव्हा ट्यून 91 चाच हवा. कोलोराडोत 85 वालं रेग्युलर मिळतं ना, ते या गाडीत चुकूनसुद्धा जाता कामा नये, घरात दुसरं कोणी चालवत असेल तर फ्यूएल कॅपवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

गिअरवाला_पुणे:
मी इथे पुण्यात ट्रान्समिशन कॅलिब्रेशनचं काम करतो, एफ-150 वर केलेलं नाही पण टॉर्कवर चालणारा ऑटोमॅटिक सगळीकडे साधारण एकाच पद्धतीने विचार करतो, म्हणून लिहितोय. दुकानवाल्याला "गिअरबॉक्स टिकेल का" हे विचारून उपयोग नाही, "तुमचा ट्यून गिअरबॉक्सला खरा टॉर्क सांगतो का" हे विचारा.
तुमच्या 10 स्पीड गिअरबॉक्समध्ये, म्हणजे 10R80 मध्ये, सहा क्लच आहेत, कुठल्याही गिअरमध्ये चार धरलेले आणि दोन सोडलेले. हे क्लच तेलाच्या प्रेशरने दाबून धरलेले असतात आणि किती दाबायचं हे कंट्रोलर इंजिनाच्या टॉर्कच्या अंदाजावरून ठरवतो. तो अंदाज इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून येतो, आत जाणारी हवा किती, स्पार्क किती पुढे वगैरे गणितावरून. आता तुमच्या इंजिनाचा मूळ टॉर्क 400 पाउंड-फूट, ब्लोअर लावल्यावर 600 च्या आसपास. पहिल्या गिअरचा रेशो 4.70, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलावर चालणारा जोड) भर सोडली तरी 1880 चे 2820 झाले. काही ट्यूनर कॉम्प्युटरच्या टॉर्क लिमिट आड येतात म्हणून टॉर्कचं टेबलच खाली ओढून टाकतात, इंजिन 600 देतंय आणि गिअरबॉक्सला वाटतंय 400 च आहे. मग प्रेशर कमी पडतं, प्रत्येक शिफ्टला प्लेट्स गरजेपेक्षा जास्त वेळ घासतात. आणि वाईट म्हणजे सुरुवातीला हे कळतच नाही, उलट शिफ्ट मऊ लागतात, माणूस खूश होतो. कळतं तेव्हा तेल काळं आणि जळक्या वासाचं झालेलं असतं.
शिफ्टच्या क्षणी गिअरबॉक्स इंजिनाला थोडा टॉर्क कमी कर म्हणूनही सांगतो, टेबल चुकीचं असेल तर तेही गडबडतं.
त्यामुळे ट्यून झाल्यावर लॉग (गाडी चालताना नोंदलेले आकडे) मागा, फक्त डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद नको. टर्बाइन स्पीड (गिअरबॉक्समध्ये शिरणारा वेग) आणि आउटपुट स्पीड (बाहेर पडणारा वेग) गुणिले त्या गिअरचा रेशो, शिफ्ट चालू नसताना हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत, फरक दिसला की क्लच घसरतोय. लॉकअप पूर्ण असताना, म्हणजे कन्व्हर्टर थेट जोडला गेल्यावर, कन्व्हर्टरची स्लिप शून्याच्या आसपास हवी. शिवाय या गिअरबॉक्सचा सी-डी-एफ ड्रम (सी, डी, एफ हे तीन क्लच धरणारा भाग) माहितीच असेल, आतली बुशिंग जागेवरून सरकते आणि प्रेशर गळतं, फोर्डने नंतर तो ड्रम बदलला पण तुमची 2018 म्हणजे जुन्या ड्रमची. 3 वरून 5 वर जाताना झटका, रिव्हर्स टाकल्यावर उशिरा पकडणं असं काही आहे का? असेल तर आधी ते, ब्लोअर नंतर.

फ्रंटरेंज_मावळा:
दादा, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं, खरंच आभार. झटका नाही, रिव्हर्सपण लगेच पकडतो. गिअरबॉक्सचं तेल मात्र कंपनीतून आलेलंच आहे अजून.

सह्याद्री_ते_रॉकीज:
मीपण त्याच चढावर कॅम्पर ओढतो, फोर्डच्याच टर्बोवाल्या इकोबूस्ट 3.5 ने. मुद्दा उंचीचा आहे. साधं इंजिन दर हजार फुटाला साधारण 3 टक्के ताकद गमावतं, टनेल 11,158 फुटांवर, म्हणजे तुमच्या 395 चे तिथे 270 च्या आत-बाहेर उरतात. सुपरचार्जरचा वेग क्रँकला बांधलेला असल्यामुळे तो बाहेरच्या हवेला ठरावीक पटीतच दाबतो, हवाच विरळ तर बूस्टही कमी, समुद्रसपाटीला 10 पीएसआय दाखवणारा किट डेन्व्हरलाच 8 वर येतो. टर्बोला मोकळीक असते, वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट बाजूला सोडणारी झडप) बंद ठेवून तो जास्त जोरात फिरतो आणि बरीचशी तूट भरून काढतो. तरीही 650 वाला किट टनेलपाशी 430 च्या आसपास देईल, म्हणजे ताकद तुम्हाला नक्की पुरेल, त्यात शंका नाही.
माझी काळजी उष्णतेची आहे. रस्त्यावर दहा सेकंद पेडल दाबणं वेगळं आणि 7 टक्क्यांच्या चढावर सलग मैलोन् मैल बूस्टमध्ये राहणं वेगळं. इंटरकूलरचा हीट एक्स्चेंजर एसीच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. इन्टेकची हवा तापली की कॉम्प्युटर स्पार्क मागे ओढतो आणि ज्यासाठी पैसे घातले ती ताकद ऐन चढावरच कमी होते. गिअरबॉक्सचं तेल तर त्याच्या आधीपासून तापलेलं. त्यामुळे लावायचाच असेल तर मोठा हीट एक्स्चेंजर आणि गिअरबॉक्सचा मोठा कूलर पहिल्या दिवसापासून. आणि किटला कॅलिफोर्नियाचा ईओ नंबर (एमिशन नियमांत बसत असल्याची मान्यता) आहे ना बघा, फ्रंट रेंजला (डेन्व्हरच्या पट्ट्यात) एमिशन टेस्ट आहे, चेक इंजिन दिवा लागला की अडकलात.
कोणी 3.73 चे एक्सल गिअर घाला म्हणेल, 10 गिअर असताना तो खर्च मला पटत नाही. गिअरबॉक्स तसाही खालचा गिअर शोधतोच, इंजिनाची ताकद त्याने वाढत नाही.
आणि टो रेटिंग तेच राहतं हे विसरू नका. दारातल्या स्टिकरवरचा पेलोड, ब्रेक, काही बदलत नाही.

फ्रंटरेंज_मावळा:
ठरवलं. आधी गिअरबॉक्सचं तेल बदलतो, फोर्डने सांगितलेलं मर्कॉन यूएलव्हीच, आणि कूलर बसवतो. मग कॅम्पर लावून टनेलपर्यंत जाऊन तेलाचं तापमान आणि स्लिपचा लॉग आत्ताच्या मूळ अवस्थेत काढतो, म्हणजे नंतर तुलना करायला काहीतरी हातात राहील. टॉर्क टेबलबद्दल ट्यूनरला आजच लिहिलंय, त्याने सरळ उत्तर दिलं तरच किटची ऑर्डर.

गिअरवाला_पुणे:
बरोबर. "आम्ही नेहमी असंच करतो" असं उत्तर आलं तर दुसरा ट्यूनर बघा. आणि ट्यून टाकल्यावर गिअरबॉक्सची जुनी अ‍ॅडॅप्टिव्ह लर्निंग (त्याने स्वतः शिकून साठवलेली शिफ्टची सेटिंग) पुसून घ्या, त्यानंतर कॅम्पर न लावता हलक्या पेडलवर सगळ्या गिअरमधून नीट फिरवा, तो शिकल्याशिवाय चढावर नेऊ नका. मूळ अवस्थेतला लॉग मिळाला की इथे टाका, मी बघून सांगतो.