मदत हवी आहे: मामांची जुनी ५० मि.मी. ताकुमार लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर कशी वापरावी?

नमस्कार. मी फोंड्याजवळ राहतो आणि गेली चार वर्षे सवडीनुसार देवळांतील उत्सवांची छायाचित्रे काढतो. म्हापशाला माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद होऊन बरीच वर्षे झाली, पण गेल्या महिन्यात कपाट आवरताना मामींना चामड्याच्या पिशवीत ठेवलेली त्यांची सुपर-ताकुमार ५० मि.मी. एफ १.४ ही पेंटॅक्सची लेन्स (‘एफ’चा आकडा जितका लहान, तितके तिचे छिद्र मोठे आणि उजेड जास्त) सापडली आणि त्यांनी ती माझ्या हाती दिली. ज्या कॅमेऱ्याला ती लागत असे तो आता घरात नाही.

ही लेन्स मला शोभेसाठी ठेवायची नाही. म्हार्दोळला महालसेच्या देवळात जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पूजेच्या रात्री समयांच्या उजेडात दिसणारे चेहरे मला टिपायचे आहेत. कॅमेऱ्यासोबत मिळालेली माझी १८-५५ ची लेन्स ५५ वर एफ ५.६ पर्यंतच उघडते, त्यामुळे एफ १.४ वर मला सोळापट उजेड मिळेल. देवळात फ्लॅश मारणे मला योग्य वाटत नाही आणि या छिद्राची नवी लेन्स आज माझ्या आवाक्यात नाही.

माझा कॅमेरा निकॉन डी ५६०० आहे. एका दुकानदाराने ‘सगळे चालते’ असे सांगून दिलेला, काच नसलेला एम ४२ ॲडॉप्टर (आटे फिरवून बसणारी अशी जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणारी कडी) मी लावला, तेव्हा दोन मीटरच्या आतील वस्तू स्पष्ट दिसल्या, पण त्यापलीकडचे सारे धूसरच राहिले. ॲपर्चरचे, म्हणजे छिद्र लहान-मोठे करण्याचे, कडे फिरवूनही आतील पाती हलत नाहीत, कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे मीटर बंद पडते, आणि कोणतेही छायाचित्र चहाच्या पाण्यासारखे पिवळसर येते. भरीस भर म्हणून पुढच्या काचेच्या आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. लेन्स बिघडली आहे, की माझे काही चुकते आहे? आणि ही बुरशी माझ्या दुसऱ्या लेन्सला लागेल का?

प्रतिसाद

आपण दिलेल्या वर्णनावरून लेन्स बिघडलेली वाटत नाही. ती चुकीच्या कॅमेऱ्यावर बसली आहे. एम ४२ लेन्सची बैठक फिल्मपासून ४५.४६ मि.मी. अंतरावर असावी लागते, तर निकॉनच्या एफ माउंटमध्ये (लेन्स बसवण्याच्या बैठकीत) हे अंतर मुळातच ४६.५ मि.मी. आहे. ॲडॉप्टर कितीही पातळ असला तरी लेन्स एक मिलिमीटरहून थोडी अधिक पुढे राहते, आणि ५० मि.मी.च्या लेन्ससाठी एवढा फरक म्हणजे स्पष्टतेची मर्यादा सुमारे अडीच मीटरवर येणे. ॲडॉप्टरच्या कडेची जाडी धरली तर आपण म्हणता ते दोन मीटर अगदी जुळतात. काच असलेला ॲडॉप्टर ही मर्यादा दूर करतो, पण ती साधी काच एफ १.४ वरील चित्र आणखी मऊ करते, म्हणजे ज्या कामासाठी आपल्याला ही लेन्स हवी आहे तेच बिघडते. त्यावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाती न हलण्याचे कारण लहान आहे. लेन्सच्या बाजूला ‘ए’ आणि ‘एम’ अशी खूण असलेली सरकपट्टी आहे. ‘ए’वर असताना जुना कॅमेरा मागची पिन दाबून पाती मिटवत असे, तुमच्या ॲडॉप्टरमध्ये ते काम करणारे काही नाही. पट्टी ‘एम’वर आणा, कडे फिरवताच पाती हलतील. मीटर मात्र डी ५६०० वर चालणार नाही, कारण इलेक्ट्रॉनिक चिप नसलेल्या लेन्सना हा कॅमेरा मोजमाप देत नाही.

पिवळेपणाबद्दल घाबरू नये. ५० मि.मी. एफ १.४ च्या सात काचांच्या आवृत्तीत मागच्या भागात थोरियमयुक्त काच वापरली आहे आणि तिच्यातील किरणोत्सर्गामुळे काच वर्षानुवर्षे पिवळी होत जाते. लेन्स वापरण्यास हरकत नाही. ती काच घासणे किंवा फोडणे मात्र कटाक्षाने टाळावे. अतिनील प्रकाशात पिवळेपणा पुष्कळ कमी होतो. पावसाळा सरल्यावर मागची बाजू उन्हाकडे करून आणि दुसऱ्या टोकाला ॲल्युमिनियमचा कागद लावून लेन्स काही दिवस राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या चौकात, ठेवा. कागद विसरू नका, कारण लेन्समधून एकवटलेले ऊन खालची वस्तू जाळू शकते. दुपारच्या कडक उन्हातही ठेवू नका, आतील ग्रीस वितळून पात्यांवर येते. अतिनील एलईडी दिवा मिळाला तर पावसाळ्यातही काम होईल आणि उष्णतेचा प्रश्नही राहणार नाही.

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात, म्हणून एकीची दुसरीला लागण होण्यापेक्षा दमटपणा हे खरे कारण समजावे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर चामड्याची पिशवी म्हणजे बुरशीचे घरच. ती पिशवी आजच दूर करा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखावी. उन्हाने बुरशी मरते, पण तिचे जाळे तसेच राहते आणि तिच्या आम्लाने काचेवरचा लेप खरवडला असेल तर तो परत येत नाही. काच अनुभवी माणसाकडूनच उघडून पुसून घ्यावी.

कॅमेऱ्याविषयी म्हणाल, तर जुना मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा शोधा. सोनीच्या ई माउंटचे अंतर १८ मि.मी. असल्याने तेथे ॲडॉप्टर म्हणजे नुसती पोकळ नळी असते. वापरलेला ए ६००० पुरेसा आहे. त्यावर ही लेन्स ७५ मि.मी.सारखी दिसेल, जी चेहऱ्यांना उत्तमच. मेन्यूत लेन्सशिवाय शटर सुटण्याची परवानगी द्या आणि फोकससाठी चित्र मोठे करून पाहा. दोन मीटरवर एफ १.४ ला स्पष्टतेची खोली जेमतेम नऊ सेंटीमीटर असते, तेव्हा डोळ्यांवरच फोकस साधा.

धागाकर्ता

मनापासून आभार. पट्टी ‘एम’वर होताच पाती हलली, आणि मामांनी ती शेवटची केव्हा हलवली असेल याचा विचार बराच वेळ मनात राहिला. मित्राचा ए ६००० एका संध्याकाळपुरता आणला. मंगेशीची दीपमाळ थेट वरच्या मजल्यापर्यंत स्पष्ट आली. एकच शंका उरली आहे: फोकसचे कडे अनंताच्या खुणेपर्यंत पोहोचण्याआधीच दूरची दीपमाळ स्पष्ट होते. हा ॲडॉप्टरचा दोष समजावा का?

प्रतिसाद

नाही. हे ॲडॉप्टर मुद्दाम किंचित आखूड बनवतात, म्हणजे अनंत निश्चित गाठता येते. अंतराच्या आकड्यांवर विसंबू नका, पडद्यावर पाहूनच फोकस ठरवा. समयांची ज्योत चौकटीत असेल तेव्हा एफ २ किंवा २.८ वरही एक चित्र घ्या, कारण काचेवर अनेक थरांचा लेप असलेल्या सुपर-मल्टी-कोटेड ताकुमार १९७१ नंतरच्या. तुमच्या लेन्सच्या त्याआधीच्या लेपावर ज्योतीभोवती पांढुरकी झाक येते आणि हूड (लेन्सपुढची आडोशाची कडी) लावल्याने ती चौकटीतल्या ज्योतीसाठी जात नाही.