आर्क्टिकमधली शांत सुट्टी आम्हाला मानवेल का?

फोंडेकरीण लिहितात:

नमस्कार. सहा वर्षे सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचे सारे मीच केले. गेल्या वर्षी वैशाखात त्या गेल्या. आता वर्षश्राद्धही झाले. दाराची घंटा वाजणार नाही, औषधांच्या वेळा सांभाळाव्या लागणार नाहीत आणि कोणी काही विचारायला येणार नाही, अशा ठिकाणी थोडे दिवस जाऊन राहावे असे मनाने घेतले आहे. फिनलंडच्या अगदी उत्तरेला, इनारी सरोवराच्या काठी, लाकडी घरात राहता येते असे वाचनात आले आणि ते डोक्यातून जाईना. इनारी नगरपालिकेचे क्षेत्र आपल्या गोव्याच्या चौपटीहून मोठे आणि तिथे राहणारी माणसे सुमारे सात हजार, हे वाचल्यावर मी नकाशा पुढ्यात घेऊन बराच वेळ बसून राहिले.

अडचण अशी की माझ्या यजमानांचे बाजारात दुकान आहे आणि त्यांचा दिवस माणसांत जातो. घरी दोन तास बसावे लागले तरी ते येरझारा घालू लागतात. मी 56 वर्षांची, ते 61 वर्षांचे. खरी थंडी आम्ही दोघांनीही पाहिलेली नाही, आणि या प्रवासासाठी बरीच वर्षे बाजूला टाकलेले पैसे मोडावे लागतील. विमान कोणते आणि घर कोणते हे पुढचे पुढे पाहू. अशी सुट्टी आपल्याला मानवेल की नाही, हे जाण्यापूर्वी कसे ओळखावे, एवढेच मला जाणकारांना विचारायचे आहे.

वास्कोचे निवृत्त लिहितात:

ताई, मी हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात नोकरीला होतो आणि त्या निमित्ताने उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवरल्या न्यू-ओलेसुन वस्तीत, जिथे 2008 पासून भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन स्थानक आहे, एक उन्हाळा काढला आहे. थंडीची धास्ती आपण सगळेच घेतो. पण लोकरीचे कपडे एकावर एक घातले आणि सुती कपडा अंगाला लागू दिला नाही, तर थंडीचे बरेचसे निभावते. मला जड गेला तो उजेड. गोव्यात सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस यांत दोन तासांचाही फरक नसतो, त्यामुळे दिवेलागण झाली की दिवस संपला, हे आपल्या अंगात भिनलेले असते. तिथे एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. पहिला आठवडा मी रात्री एक वाजता टक्क जागा असायचो. खिडकीवर जाड काळे कापड बसवून घेतले, तेव्हा कुठे झोप लागली.

इनारी पुष्कळ दक्षिणेला असले तरी जून-जुलैत तिथेही रात्र होत नाही. सहा वर्षांच्या जागरणाने तुमची झोप आधीच मोडलेली असणार, म्हणून ते महिने तुम्ही टाळावेत असे मला मनापासून वाटते. डिसेंबरात याच्या उलट: महिनाभर सूर्य क्षितिजावर येत नाही, दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश तेवढा असतो. तो अतिशय सुंदर असतो. परंतु घरातले माणूस नुकतेच गेलेल्या मनाला तो सोसेल का, याची मला काळजी वाटते.

कोणी स्वालबार्डच सुचवले तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. न्यू-ओलेसुनमध्ये रेडिओ दुर्बिणीला अडथळा होऊ नये म्हणून वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतात, आणि तसली शांतता मला पुन्हा कुठे मिळाली नाही. मात्र पांढऱ्या अस्वलांच्या भीतीमुळे वस्तीबाहेर बंदूकधारी सोबत्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. तुम्हाला एकटीने चालायला आवडत असेल, तर इनारीच बरे.

म्हापशाची प्रवासी लिहितात:

आम्ही दोघे इनारीजवळ मार्चच्या मध्याला सहा रात्री राहिलो होतो. त्या सुमारास दिवस साधारण साडेअकरा तासांचा, म्हणजे आपल्या हिवाळ्यातल्या दिवसाएवढाच असतो, आणि तरीही सगळीकडे भरपूर बर्फ असते. आम्ही होतो तेव्हा दिवसा पारा शून्याखाली चार-पाच अंशांवर असे. एका रात्री तो उणे 22 पर्यंत उतरला. बाहेरून घरात शिरताच चष्म्यावर इतके धुके धरायचे की दारातच भिंतीला हात लावून उभे राहावे लागे. फोन आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवला नाही, तर बॅटरी बघता बघता उतरते.

ज्यांनी घर ठरवून दिले, त्यांनी रोज रात्री ध्रुवीय प्रकाश, म्हणजे आभाळात हलणारे ते रंगीत झोत, दिसेल असे छातीठोकपणे सांगितले होते. पाच रात्री आभाळ भरलेले होते. तो प्रकाश दिसायला अंधार आणि निरभ्र आकाश दोन्ही हवीत, त्याची हमी कोणालाच देता येत नाही. केवळ त्यासाठी जाणार असाल, तर जाऊ नका असेच मी म्हणेन. मला आठवतो तो सरोवराचा आवाज. रात्री थंडी एकदम वाढली की गोठलेला थर आक्रसतो आणि त्याला तडे जातात. दूरवर कोणीतरी ताणलेली तार छेडावी, तसा तो आवाज काठाने येतो. पहिल्या रात्री मी घाबरून उठून बसले, आणि नंतर त्याची वाट पाहू लागले.

आमचे यजमानही तिसऱ्या दिवशी चिडले. “इथे करायचे तरी काय?” म्हणाले. मग घरमालकांनी त्यांना लाकडे फोडायला दिली. चुलीला आणि सौनाला, म्हणजे तिथल्या गरम वाफेच्या न्हाणीघराला, मिळून लाकूड बरेच लागते. हाताला काम मिळाले आणि माणूस शांत झाला. म्हणून ताई, तुमचे यजमान गप्प बसू शकतात का, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि हातात काय असले की ते गप्प बसतात, ते आठवून पाहा.

फोंडेकरीण लिहितात:

आपला प्रश्न वाचला आणि मी हसले. पावसाळा सरत आला की हे गरी घेऊन दुर्भाटच्या मानशीवर, म्हणजे खाडीच्या पाण्याच्या झडपेवर, जातात आणि भरतीच्या पाण्याकडे बघत तीन-तीन तास बसतात. काळुंदर मासा मिळाला तर आनंद, न मिळाला तरी तक्रार नाही. सोबतच्या माणसाशी चकार शब्द बोलत नाहीत. याला शांत बसणे म्हणतात, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

म्हापशाची प्रवासी लिहितात:

मग त्यांची काळजी सोडा. गोठलेल्या सरोवराला हाताने फिरवायच्या मोठ्या गिरमिटाने भोक पाडतात आणि त्यात वीतभर काठीच्या गरीचा दोर सोडून बसतात. फिनलंडमध्ये अशा साध्या गरीने मासे धरायला परवाना किंवा शुल्क लागत नाही. रानात फिरण्याच्या आणि बोरे खुडण्याच्या हक्कासारखाच तो सर्वांचा हक्क मानला जातो.

सत्तरीचा वाटसरू लिहितात:

चालण्याची आवड असणाऱ्यांना मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सुचवतो. डासांचा त्रास सरलेला असतो, झाडे आणि जमिनीवरची झुडपे तांबडी-पिवळी होतात, आणि रानातल्या बऱ्याच झोपड्या वाटसरूंना विनामूल्य उघड्या असतात. पण 2026 ची गणेश चवथ 14 सप्टेंबरला आहे आणि गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी सोडून कोणी जावे, असे मी सांगणार नाही.

जाण्यापूर्वी पारख करायची असेल, तर या पावसात आपल्या गोव्यातल्याच नेत्रावळीच्या रानात तीन रात्री राहा, फोन घरी ठेवा आणि कोणत्या दिवशी कोणाचे मन उठते ते पाहा. तरीही एक फरक उरतोच. आपल्याकडच्या रानातल्या शांततेत रातकिडे असतात, बेडूक असतात, पागोळ्या असतात. बर्फातल्या अरण्यात यातले काहीच नसते, स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो, आणि ते काहींना फार जड जाते.

फोंडेकरीण लिहितात:

आम्ही नेत्रावळीला तीन रात्री राहून आलो. यजमान दुसऱ्या संध्याकाळी थोडे कासावीस झाले, मग ओढ्यावर जाऊन बसले. मन माझेच उठले. रोज पहाटे चारला, सासूबाईंच्या औषधाच्या वेळेला, मला जाग येत होती आणि हातांना काय करावे ते कळत नव्हते. तिसऱ्या पहाटे मात्र मी उठून पडवीत बसले, पाऊस पडत होता, आणि उजाडेपर्यंत तिथेच बसले होते.

त्यामुळे मार्चचा मध्य ठरवला आहे, सहा रात्री, त्याहून अधिक नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी लागणारा निदान 30,000 युरोंचा प्रवास विमा कोणता घ्यावा, हे मुलगा पाहतो आहे. म्हापशाच्या ताईंनी एवढे कळवावे: ते गिरमिट राहत्या घरात मिळते, की वेगळे भाड्याने घ्यावे लागते? यजमान कालपासून दोनदा विचारून गेले.